दुकानांच्या पाट्या वाचणाऱ्या एका पोराने जोडशब्दांच्या जोरावर अख्खी भाषा उभी केली

बटाटेवडा म्हणजे काय? बटाट्याचा वडा. सोपं आहे.

मग दहीवडा म्हणजे दह्याचा वडा का? तर नाही. दह्यात बुडवलेला वडा. आणि वडापाव म्हणजे वड्याचा पाव? तेही नाही. वडा आणि पाव, दोन्ही एकत्र.

तीन शब्द, तिन्हींची बांधणी दिसायला सारखीच. दोन ओळखीचे शब्द उचलले आणि एकमेकांना चिकटवले. पण ते नेमके कसे जोडलेत, हे त्या शब्दात कुठेच लिहिलेलं नाही. तरी टपरीवरची पाटी वाचताना आपण क्षणभरही अडखळत नाही. डोळा तुकडे ओळखतो, डोकं नातं लावतं आणि आपण ऑर्डर देऊन मोकळे होतो.

शाळेत याला सामासिक शब्द म्हणायचे. विग्रह करा म्हटलं की अर्ध्या वर्गाला घाम फुटायचा.

पण दीडशे वर्षांपूर्वी एका शाळकरी पोराने याच गोष्टीवर आख्खं आयुष्य लावलं. त्याचा हिशोब असा होता की, माणसाला थोडे तुकडे माहीत असले आणि ते जोडायची रीत माहीत असली, तर कधीच न पाहिलेला शब्दही त्याला वाचता येईल. मग हजारो शब्द पाठ करायची गरजच काय? आणि परक्या माणसाची भाषा एवढी सोपी झाली, तर माणसं एकमेकांच्या जीवावर उठतील कशाला?

त्या पोराचं नाव लुडविक झामेनहॉफ. पुढे तो डोळ्यांचा डॉक्टर झाला आणि त्याने जी भाषा बनवली, तिचं नाव एस्पेरांतो.

एका गावात चार भाषा आणि चार तट

१५ डिसेंबर १८५९ ला बियालिस्टोक नावाच्या गावात एका ज्यू कुटुंबात लुडविकचा जन्म झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, पण तेव्हा तिथे रशियाच्या झारचं राज्य होतं.

गावात चार प्रकारची माणसं राहायची. पोलिश, रशियन, जर्मन आणि ज्यू. प्रत्येकाची भाषा वेगळी. ज्यू लोक आपसात यिडिश बोलायचे, सरकारी कामकाज रशियनमध्ये चालायचं आणि पोलिश लोकांना रशियनचा राग होता. माणूस काय बोलतो, यावरून तो कुठल्या गटाचा हे ठरायचं. आणि गट ठरला की त्याच्याशी कसं वागायचं, हेही ठरायचं.

लुडविकचे वडील मार्कुस भाषा शिकवणारे शिक्षक होते. कडक शिस्तीचे. आई रोझालिया मात्र मवाळ स्वभावाची. घरात रशियन आणि यिडिश, रस्त्यावर पोलिश आणि जर्मन, धर्मग्रंथांसाठी हिब्रू. एवढ्या भाषा कानावर पडत असताना पोराच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. या सगळ्यांना जर एक समाईक भाषा असती, जी कोणा एकाच्या मालकीची नसेल, तर ही भांडणं झालीच नसती.

आज आपल्याला हा विचार भाबडा वाटेल. पण हे पोरगं तो विचार घेऊन मोठं झालं आणि त्याने तो सोडला नाही.

मिठाईच्या दुकानाने दिलेली आयडिया

१८७३ मध्ये झामेनहॉफ कुटुंब वॉर्साला आलं. लुडविकला तिथल्या चांगल्या शाळेत घातलं. शाळेत लॅटिन आणि ग्रीक होत्या. सुरुवातीला त्याला वाटलं की, या जुन्या भाषांपैकीच एखादी परत वापरात आणावी. पण त्या शिकताना लक्षात आलं की त्या सर्वसामान्य माणसाला झेपणाऱ्या नाहीत.

मग त्याने ठरवलं की नवीन भाषाच बनवायची.

पुढे इंग्रजी शिकताना त्याला दिसलं की व्याकरण फार गुंतागुंतीचं नसलं तरी भाषा चालते. त्यामुळे व्याकरणाचा प्रश्न सुटल्यात जमा होता. अडचण होती शब्दांची. कुठल्याही भाषेचा शब्दकोश घ्या, तो उशीसारखा जाड. एवढे शब्द पाठ करणार कोण?

याचं उत्तर त्याला रस्त्यावर सापडलं. वॉर्सामध्ये तेव्हा रशियन पाट्या असायच्या. एका पाटीवर होतं 'श्वेइत्सार्स्काया', म्हणजे दरवानाची खोली. दुसऱ्या पाटीवर होतं 'कोंदितेर्स्काया', म्हणजे मिठाईवाल्याचं दुकान. दोन्ही शब्द त्याने याआधी कितीतरी वेळा पाहिले होते. पण त्या दिवशी त्याचं लक्ष शेवटच्या 'स्काया'वर गेलं. दोन्हीकडे तोच तुकडा, आणि दोन्हीकडे तो जागा दाखवतोय.

आपल्याकडे दवाखाना, छापखाना, कारखाना या शब्दांत 'खाना' जे काम करतं, जवळपास तेच. 'खाना' एकदा कळलं की तोफखाना वेगळा पाठ करावा लागत नाही. तोफ माहिती असली की बास.

लुडविकला कोडं सुटल्यासारखं झालं. भाषेत असे जोडतुकडे जर नियमाने वापरले, म्हणजे प्रत्येक तुकड्याचा अर्थ ठरलेला आणि तो कुठेही लावायची मुभा, तर एका मूळ शब्दापासून दहा शब्द तयार होतील. जाड शब्दकोश आपोआप बारीक होईल.

त्याने झपाटल्यासारखं काम केलं. १७ डिसेंबर १८७८ ला, म्हणजे एकोणीस वर्षं पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, शाळेतल्या काही मित्रांसोबत त्याने घरात या भाषेचा वाढदिवस साजरा केला. पोरांनी नव्या भाषेत गाणंही म्हटलं. पुढे शाळा संपली, मित्र पांगले. मोठ्या माणसांनी चेष्टा केल्यावर त्यातल्या बहुतेकांनी हा नाद सोडला.

वडिलांनी वह्या काढून घेतल्या

वडिलांना मात्र काळजी लागली. पोरगं हुशार आहे, पण असल्या खुळापायी त्याचं वाटोळं होईल. लोक वेडा म्हणतील, ते वेगळंच. १८७९ मध्ये लुडविक डॉक्टरकी शिकायला मॉस्कोला निघाला, तेव्हा वडिलांनी त्याच्याकडून शब्द घेतला की शिक्षण होईपर्यंत या भाषेचं नाव काढायचं नाही. वह्या वडिलांकडेच राहिल्या. पुढे त्यांनी त्या जाळून टाकल्या, असं झामेनहॉफ यांच्या चरित्रांमध्ये सांगितलं जातं.

१८८१ मध्ये तो वॉर्साला परत आला. त्याच काळात रशियन साम्राज्यात ज्यूंच्या विरोधात दंगली उसळल्या होत्या. भाषेचं काम त्याने पुन्हा हातात घेतलं आणि जे लक्षात होतं त्यावरून सगळं नव्याने बांधलं. या खेपेला त्याने आणखी एक काम केलं. बनवलेल्या भाषेत तो मोठे मोठे उतारे भाषांतरित करायचा आणि स्वतःशी त्याच भाषेत विचार करून बघायचा. कागदावर झकास वाटणारे कितीतरी शब्द वापरताना जड वाटले. ते त्याने काढून टाकले.

१८८५ मध्ये डॉक्टर झाल्यावर त्याने आजच्या लिथुआनियातल्या वेइसेयाय गावात प्रॅक्टिस सुरू केली. पण स्वभाव हळवा. डोळ्यादेखत पेशंट दगावलेला बघणं त्याला सहन होईना. म्हणून त्याने डोळ्यांच्या आजारांचा अभ्यास केला. त्यासाठी व्हिएन्नालाही जाऊन आला.

दुसऱ्या बाजूला भाषेचं पुस्तक तयार होतं, पण छापायला कोणी तयार नव्हतं. दोन वर्षं प्रकाशकांचे उंबरे झिजवण्यात गेली.

शेवटी मदत आली ती सासुरवाडीकडून. क्लारा झिल्बरनिक या मुलीशी लुडविकचं लग्न ठरलं. तिचे वडील अलेक्सांडर झिल्बरनिक कौनास शहरात साबणाचा कारखाना चालवायचे. होणाऱ्या जावयाचं खूळ त्यांना पटलं आणि त्यांनी छपाईसाठी पैसे दिले. २६ जुलै १८८७ ला पुस्तक बाहेर आलं. ९ ऑगस्टला लग्न झालं. म्हणजे क्लाराच्या संसाराची सुरुवातच पत्ते लिहिणं आणि पुस्तकांची पाकिटं पोस्टात टाकणं यापासून झाली.

पुस्तक ४० पानांचं, शब्द साधारण ९००

पुस्तक जेमतेम ४० पानांचं होतं आणि रशियन भाषेत होतं. लेखकाच्या जागी खरं नाव नव्हतं. तिथे होतं डॉक्टर एस्पेरांतो. नव्या भाषेत याचा अर्थ आशा बाळगणारा. लोकांनी पुढे भाषेलाच ते नाव देऊन टाकलं.

व्याकरणाचे नियम फक्त १६. सोबत साधारण ९०० मूळ शब्दांचा कागद. आणि लेखकाने पहिल्याच पुस्तकात सांगून टाकलं की या भाषेवर आपला कुठलाही हक्क नाही, ती सगळ्यांची आहे.

आता ९०० शब्दांत काय भागणार, असं तुम्ही म्हणाल. इथेच १६ पैकी ११ वा नियम कामाला येतो. तो नियम जोडशब्दांचा आहे. शब्द सरळ एकमेकांना जोडा, मुख्य शब्द शेवटी ठेवा. बास. उदाहरण दिलं होतं 'वापोरशिपो'. 'वापोर' म्हणजे वाफ, 'शिप' म्हणजे जहाज आणि शेवटचा 'ओ' सांगतो की हे नाम आहे. झालं वाफेचं जहाज, आपली आगबोट.

आपल्या व्याकरणात प्रत्यय वेगळे आणि समास वेगळे. झामेनहॉफ यांनी हा फरकही जवळपास पुसून टाकला. प्रत्यय हासुद्धा स्वतंत्र अर्थाचा छोटा शब्दच मानायचा. दवाखान्यासाठीचा शब्द बघा, 'मालसानुलेयो'. ऐकायला अवघड, पण फोडून बघा.

माल म्हणजे उलट.
सान म्हणजे निरोगी.
उल म्हणजे माणूस.
एय म्हणजे जागा.
ओ म्हणजे नाम.

निरोगीच्या उलट असलेल्या माणसांची जागा. हॉस्पिटल.

पण ज्याने ही भाषा कधी पाहिलीच नाही, त्याला हा शब्द कुठे तोडायचा हे कसं कळणार? डोळ्यांच्या या डॉक्टरने त्याचाही विचार केला होता. पुस्तकातल्या नमुन्याच्या मजकुरात त्यांनी शब्दाच्या तुकड्यांमध्ये बारीकशी खूण टाकली. बहीण या अर्थाचा 'फ्रातिनो' हा शब्द त्यांनी फ्रात, इन, ओ असा तोडून दाखवला. फ्रात म्हणजे भाऊ, इन म्हणजे स्त्री, ओ म्हणजे नाम. शब्दांच्या कागदावर सूचना होती की कल्पना एकच असली, तरी कोशात तिचे तुकडे वेगवेगळे शोधायचे.

कल्पना अशी होती की, पत्र लिहिताना अशा खुणा करायच्या आणि सोबत तो कागद जोडायचा. समोरच्याला एस्पेरांतोचा गंधही नसला तरी तो एकेक तुकडा शोधेल आणि अर्थ लावेल. भाषा न शिकता पत्र वाचता येईल.

त्याच काळात युरोपात वोलाप्युक नावाची दुसरी बनवलेली भाषा जोरात होती. योहान मार्टिन श्लायर या जर्मन धर्मगुरूने ती तयार केली होती. तिचं नावही जोडशब्दच, 'वोल' म्हणजे जग आणि 'प्युक' म्हणजे भाषा. हे दोन्ही तुकडे इंग्रजीतल्या वर्ल्ड आणि स्पीक या शब्दांवरून घेतले होते, पण इतके कापले होते की इंग्रजी माणसालाही ओळखू येणार नाहीत. झामेनहॉफ यांनी उलटं केलं. तुकडे शक्यतो युरोपातल्या लोकांना ओळखीचे वाटतील असेच घेतले. तुकडाच ओळखू आला नाही, तर तो जोडून उपयोग काय?

डॉक्टरांचा अंदाज किती बरोबर होता?

आता थोडं पुढे जाऊ. आपण जोडशब्द नेमका कसा वाचतो, हे प्रयोगांनी तपासायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

१९७६ मध्ये मार्कस टाफ्ट आणि केनेथ फॉर्स्टर या संशोधकांनी लोकांना खोटे इंग्रजी शब्द दाखवले. काम एवढंच, हा खरा शब्द आहे की नाही ते पटकन सांगायचं. त्यात 'फुटमिल्ज'सारखे शब्द होते. यात 'फुट' खरा, पुढचं सगळं निरर्थक. आणि काही शब्दांत सुरुवातीचा तुकडाही निरर्थक होता. ज्यांचा पहिला तुकडा खरा होता, ते शब्द खोटे आहेत हे सांगायला लोकांना जास्त वेळ लागला.

मराठीत करून बघा. 'घरपिस्क' आणि 'झुमपिस्क'. दोन्ही शब्द नाहीत. पण 'घर' दिसल्याबरोबर डोकं तिथे जरा थांबतं. म्हणजे पूर्ण शब्द कोशात आहे का, हे बघता बघता आपलं डोकं तुकडेही चाचपून बघत असतं.

फिनिश भाषेत लांबलचक जोडशब्द असतात. तिथे युक्का ह्योना आणि अलेक्झांडर पोलात्सेक यांनी १९९८ मध्ये वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. पहिला तुकडा जितका नेहमीच्या वापरातला, तितकी डोळ्यांची सुरुवात सोपी जाते, असं दिसलं.

सगळ्यात मजेशीर निष्कर्ष जर्मनचा. जर्मन लोक तीन-चार शब्द सलग जोडून लिहितात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा शब्दांच्या तुकड्यांमध्ये मोकळी जागा सोडून ते वाचायला दिले. तुकडे ओळखणं सोपं झालं, वाचनाला वेग आला. पण शेवटी सगळे तुकडे एकत्र करून एक अर्थ लावायच्या वेळी डोळे जास्त वेळ रेंगाळले. का? कारण जोडून लिहिलेला शब्द हेही सांगत असतो की, बाबा, हे सगळं मिळून एकच आहे.

म्हणजे झामेनहॉफ यांच्या त्या बारीक खुणा नवख्या वाचकासाठी अगदी योग्य होत्या. आणि सरावलेल्या वाचकासाठी त्या नंतर गेल्या, हेही योग्यच झालं. आज एस्पेरांतोची पुस्तकं अशा खुणांशिवायच छापली जातात.

तुकडे कळले, तरी अर्थ कळतोच असं नाही

मात्र एक गोष्ट खुणांनी सुटणारी नव्हती. दह्याचा वडा की दह्यातला वडा, हा प्रश्न.

मराठीच घ्या. कान आणि उघाडणी, दोन्ही तुकडे माहीत असलेल्या परक्या माणसाला वाटेल की कानउघाडणी म्हणजे कान साफ करणं. तोंडपाठ वाचून तो आधी पाठीवर हात नेईल. तुकड्यांचा अर्थ कोशात मिळतो. सगळ्याचा मिळून अर्थ मात्र माणसांनी आपसात ठरवलेला असतो.

एस्पेरांतोतही हे झालं. 'कोलेगो' म्हणजे सहकारी. पण तोच शब्द कोल, एग, ओ असा तोडला तर अर्थ होतो मोठ्ठी मान. 'सेन्तेमा' एका ठिकाणी तोडला तर हळवा, दुसऱ्या ठिकाणी तोडला तर विषय नसलेला. एस्पेरांतोवाले आजही यावर विनोद करतात.

'ब्रोसो' म्हणजे ब्रश. त्याचा 'ओ' काढून 'इ' लावला की ब्रशने घासणं, 'ब्रोसि'. तसंच 'कोंबि' म्हणजे केस विंचरणं. मग 'कोंबो' म्हणजे कंगवा असायला हवा ना? तर नाही. 'कोंबो' म्हणजे विंचरण्याची क्रिया. कंगव्यासाठी साधन दाखवणारा तुकडा घालून 'कोंबिलो' म्हणावं लागतं. कारण पहिला मूळ शब्द वस्तूचा आहे आणि दुसरा कामाचा. नियम एकच, पण मूळ शब्दाचा स्वभाव वेगळा.

अशा बारकाव्यांवरून पुढे मोठं रामायण घडलं.

डोळे उड्या मारतात हे सांगणारा मित्र

१८८९ मध्ये न्यूरेंबर्गहून या भाषेचं पहिलं मासिक निघालं. त्याच वर्षी झामेनहॉफ यांनी भाषा शिकलेल्या हजार जणांची पत्त्यांसह यादी छापली. पहिल्या पुस्तकात त्यांनी कूपन छापली होती, की एक कोटी लोक शिकणार असतील तर मीही शिकेन, असं वचन लोकांनी सही करून पाठवावं. एक कोटी सोडाच, आले त्यातले मूठभर.

घरची अवस्था बिकट होती. सासऱ्यांचे पैसे पुस्तकांत गेले. खेरसन, ग्रोद्नो अशा गावांत प्रॅक्टिस जमते का ते बघून झालं. १८९५ मध्ये मासिकात टॉलस्टॉयचा लेख छापला म्हणून रशियन सरकारने त्यावर बंदी आणली. सगळ्यात जास्त वर्गणीदार रशियातच होते. मासिक बंद पडलं.

१८९८ पासून झामेनहॉफ वॉर्साच्या गरीब ज्यू वस्तीत, झिका रस्त्यावर दवाखाना चालवू लागले. फी अगदी कमी. दिवसभर पेशंट आणि रात्री भाषेचा पत्रव्यवहार. तो रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मग आलं १९०५ साल. फ्रान्समधल्या बुलोन-सुर-मेर गावात एस्पेरांतोची पहिली जागतिक परिषद भरली. २० देशांतून ६८८ माणसं आली. यातल्या बहुतेकांनी ही भाषा पुस्तकातून, एकट्याने शिकलेली. समोरासमोर भेटल्यावर एकमेकांचं बोलणं कळेल का, हीच धाकधूक होती. कळलं. एकाच्या मनात तयार झालेला जोडशब्द दुसऱ्या देशातल्या माणसाने पहिल्यांदा ऐकला आणि त्याला तो समजला. मिठाईच्या दुकानाच्या पाटीवरून सुचलेली गोष्ट खरी ठरली होती.

या प्रवासात झामेनहॉफ पॅरिसला एमील झावाल यांच्याकडे उतरले होते. झावाल हेही डोळ्यांचे डॉक्टर आणि मोठे संशोधक. वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत, छोट्या छोट्या उड्या मारत जातात, हे १८७८-७९ च्या सुमारास जगापुढे आणणाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतात. काचबिंदूमुळे तोवर त्यांची स्वतःची दृष्टी गेली होती. वाचनाचं शास्त्र मांडणाऱ्या या आंधळ्या माणसाला एस्पेरांतोची गोडी लागली होती.

पण झावाल यांना एक गोष्ट खटकायची. एस्पेरांतोच्या सहा अक्षरांवर टोप्यांसारखी चिन्हं आहेत. ती वाचायला त्रासाची आहेत, काढून टाका, असा त्यांचा आग्रह होता. सुधारणा व्हाव्यात म्हणून झामेनहॉफ यांना मोठी रक्कमही देऊ करण्यात आली. गरिबीत दिवस काढणाऱ्या या डॉक्टरने ती नाकारली. भाषा आता आपली एकट्याची नाही आणि हजारो लोक शिकून बसलेत त्यांच्यावर ती बदलून लादायची नाही, अशी त्यांची भूमिका होती.

१९०७ मध्ये बंडच झालं. लुई कुत्युरा या फ्रेंच तर्कशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की एस्पेरांतोत शब्द जोडण्याची रीत पुरेशी काटेकोर नाही. वर ब्रश आणि कंगव्याचं जे झालं, तसल्या जागा त्यांना खुपायच्या. त्यातून इडो नावाची सुधारित भाषा निघाली आणि नामवंत मंडळी तिकडे गेली.

दुसऱ्या बाजूने रने द सोस्यूर हे स्विस गणितज्ञ उभे राहिले. आधुनिक भाषाशास्त्राचे जनक म्हणतात त्या फेर्दिनां द सोस्यूर यांचे हे भाऊ. त्यांनी एस्पेरांतोचे जोडशब्द तपासून दाखवलं की प्रत्येक मूळ शब्दाला स्वतःचा स्वभाव असतो, तो वस्तूचा, कामाचा किंवा गुणाचा असतो, आणि तो ओळखला की शब्द कसा जुळतो ते समजतं.

कागदावर इडो जास्त शिस्तीची होती. पण बोलणारी माणसं एस्पेरांतोकडेच राहिली. कारण वीस वर्षांत त्यांनी त्या शब्दांचे अर्थ वापरून वापरून पक्के केले होते.

गावातली दंगल आणि युरोपातलं युद्ध

शब्द जुळत होते. माणसांचं काय?

जून १९०६ मध्ये बियालिस्टोकमध्ये ज्यूंच्या कत्तली झाल्या. ज्या गावात बसून सगळ्यांना जोडणाऱ्या भाषेचं स्वप्न पाहिलं, त्याच गावात. ऑगस्टमध्ये जिनिव्हाला दुसरी परिषद भरली, तेव्हा झामेनहॉफ यांनी भाषणात या कत्तलीचा विषय काढला. एस्पेरांतो हा नुसता व्यापाराचा किंवा पत्रव्यवहाराचा सोपा मार्ग नाही, माणसांमधली भिंत पाडण्यासाठी ती आहे, हे त्यांना सांगायचं होतं. अनेक अनुयायांना, विशेषतः फ्रान्समधल्या, हे रुचायचं नाही. त्यांना भाषा हवी होती, त्यामागचा विचार नको होता.

१९१२ मध्ये क्राकूफच्या परिषदेत त्यांनी चळवळीतलं आपलं मानाचं स्थान सोडलं. १९१४ मध्ये पॅरिसच्या परिषदेला निघाले आणि वाटेत असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं. परिषद रद्द झाली. हाल सोसत ते वॉर्साला परतले. हृदयाचा त्रास आधीपासून होताच. १४ एप्रिल १९१७ ला, युद्ध चालू असताना, त्यांचं निधन झालं. वय ५७.

त्यांच्या मुलांच्या वाट्याला तर याहून वाईट आलं. मुलगा अ‍ॅडम वडिलांसारखाच डोळ्यांचा डॉक्टर. १९४० मध्ये नाझींनी त्याला गोळ्या घातल्या. झोफिया आणि लिडिया या दोन्ही मुलींना १९४२ मध्ये त्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारण्यात आलं.

एक समाईक भाषा असली की माणसं भांडणार नाहीत, हा लहानपणीचा हिशोब चुकला. एकच भाषा बोलणारी माणसंही एकमेकांचा गळा धरतात, हे जगाने पुन्हा पुन्हा पाहिलं.

पण दुसरा हिशोब टिकला. थोडे तुकडे, सोपी रीत आणि वाचणाऱ्याच्या डोक्यावर विश्वास, एवढ्यावर बनलेली भाषा सव्वाशेहून जास्त वर्षं जिवंत आहे. १९५४ मध्ये युनेस्कोने तिची दखल घेणारा ठराव केला. भाषांचा नाद असलेल्या विनोबा भावे यांनीही ती शिकून घेतली होती. १५ डिसेंबर २००९ ला झामेनहॉफ यांच्या १५० व्या जयंतीला गुगलने आपल्या लोगोवर एस्पेरांतोचा हिरवा झेंडा लावला. २०१५ पासून ती डुओलिंगोवरही शिकता येते.

ती शिकायला घेतलीत तर सुरुवातीच्या धड्यांतच 'फ्रातो' आणि 'फ्रातिनो' भेटतील. 'पात्रो' म्हणजे वडील हे कळलं की आईला काय म्हणतात, ते कोणी सांगायच्या आधीच तुम्हाला सुचेल.

पात्रिनो. आलं ना?